तूम मुरेपर्यंत

इचन, २ नोव्हेंबर

सूनबाई,

फोन तू उचलत नाहीस. ग्यूसकचा उचलत नाहीस ते समजू शकते, पण माझाही? काल लावला, परवा लावला, मग म्हटलं जाऊ दे. हिनंच आपल्याला लिहायला शिकवलंय, तर आता घे म्हणावं वाचायला. दुपारी खानावळीतली गिऱ्हाइकं पांगली की टेबल पुसून तू मला अक्षरं गिरवायला बसवायचीस. साठी उलटलेल्या सासूला पेन्सिल धरायला लावलीस, त्याची फळं आता भोग. शुद्धलेखन तपासू नकोस म्हणजे झालं.

वान्दोला वारा सुटला असेल. तुझ्या भावाचा समुद्री शेवाळाचा हंगाम सुरू झाला ना? त्या गार खाऱ्या पाण्यात हात घालून घालून तुझी बोटं फाटतील. इथे असताना नुसती भांडी घासून फाटायची. मलम लाव. लाजू नकोस, वहिनीकडे माग.

आता मुद्द्याचं. ग्यूसक म्हणाला, तुम्ही दोघं येओजूच्या न्यायालयात जाऊन काडीमोडाचा अर्ज देऊन आलात. मला न सांगता. मला वाटलं तू बाजारात गेलीस! तिथल्या बाईनं म्हणे एक महिना विचार करा म्हणून सांगितलं आणि दोन तारखा दिल्या. पहिलीला जमलं नाही तर दुसरी. त्या महिन्याला सरकारनं जे नाव ठेवलंय त्यात शिजण्याचं अक्षर आहे, हे तुला माहीत होतं का? विचार शिजू द्यायचा काळ. मी वाचनवर्गाच्या बाईंना विचारून खात्री करून घेतली. म्हणजे बघ, जे मी सहा वर्षं सांगतेय तेच सरकारही सांगतंय. घाई नको.

जाताना तू दारात चप्पल घालता घालता म्हणालीस, "आई, सहा वर्षं मी एकच गोष्ट विचारतेय, आपलं वेगळं घर कधी. आणि हा माणूस सहा वर्षं तूम लावून बसलाय." ते मला फार लागलं. कारण तूम हा शब्द माझ्या चुलीवरचा. तशी तू काही परदेशातून आली नव्हतीस, शब्द तुला ठाऊक होता, पण विजेच्या कुकरमधला. बटणावरचा दिवा बदलला की झाला तूम. लोखंडी हंड्यातला तूम तू माझ्याकडे पाहिलास. झाकणाच्या कडेनं पाणी ओघळायला लागतं, आम्ही म्हणतो हंडा रडायला लागला. मग विस्तव बाहेर ओढायचा आणि गप्प बसायचं. आतल्या आत वाफ दाण्यात शिरते, त्याला तूम म्हणायचं. त्या वेळात झाकण उघडलं की भात दडदडीत राहिलाच. पहिल्या दिवशी तू उघडलं होतंस. मी तुझ्या हातावर पळी मारली, आठवतं? जोरात नव्हती.

माणसालाही तेच म्हणतात. एखादा काही केल्या बोलत नसेल, हो-नाही लांबवत असेल, तर सगळे ओरडतात, तूम लावू नकोस, बोल एकदाचं! लोक त्याची शिवी करतात, पण मूळ शब्द काही वाईट नाही. ग्यूसक तसाच आहे. बाहेरून काही दिसत नाही, आत शिजत असतं. तू अजून थोडं थांब.

कांद्याच्या पाती निवडायच्या राहिल्यात. उठते.

तुझी सासू


इचन, १३ नोव्हेंबर

सूनबाई,

तुझं कार्ड मिळालं. दोन ओळी! "आई, माझं ठरलंय. चोवीस तारखेला ग्यूसकना नक्की पाठवा. हातांना मलम लावते आहे." मलमाचं लिहिलंस ते बरं केलंस, नाहीतर मला वाटलं असतं न्यायालयातूनच पत्र आलं.

मी तुझं कार्ड ग्यूसकला दाखवलं. त्यानं वाचलं आणि फ्रिजवर ठेवलं. "काय म्हणतोस?" म्हटलं. तर म्हणाला, "बघू." मग दूध पिऊन झोपला.

तुला वाटत असेल की म्हातारी मुलाची बाजू घेते. घेते. एकुलता एक आहे. पण तूमची गोष्ट मी उगाच सांगत नाही. हा शब्द आला तरी कुठून, म्हणून मी परवा वर्गात विचारलं. बाईंनी उशीएवढा जाड कोश काढला. "तूम" म्हणजे शिजल्यावर वाफेत मुरणं, आणि त्याच्या जोडीच्या क्रियेचा अर्थ आत शिरू देणं. तो शब्द पुढे माणसांच्या चालढकलीला चिकटला. हे सगळं मला माहीतच होतं. मी म्हटलं, "पण बाई, त्याच्या आधी? अगदी मूळ?" त्या म्हणाल्या, ते नक्की कुणाला सांगता येत नाही. माझ्या शेजारी दान्यांगकरीण बसली होती. (तिचं नाव एवढं गोड आहे, पण दान्यांगहून लग्न होऊन आली म्हणून जन्मभर दान्यांगकरीण.) ती म्हणाली, "मूळ कसलं शोधतेस? आधी भूक लागली असेल, मग भात रांधला असेल, मग तो होईना म्हणून कुणीतरी वैतागून नाव ठेवलं असेल." सगळा वर्ग हसला. बाईही हसल्या. मला ते कोशापेक्षा जास्त पटलं.

तुझ्या सासऱ्यांची एक गोष्ट तुला सांगितली नाही. आम्हाला एकमेकांना दाखवायला चहाच्या दुकानात बसवलं होतं. हे समोर. चहा संपला, दुसरा मागवला, तोही संपला, तोंडातून शब्द नाही. मी टेबलावरचं फुलदाणीचं फूल बघतेय. शेवटी यांची आत्या पलीकडच्या टेबलावरून ओरडली, "अरे तूम किती लावशील? मुलीची बस जाईल!" तेव्हा यांनी मला काय विचारलं असेल? "तुमचं छप्पर कुठे गळतं?" मी म्हटलं, स्वयंपाकघरावर. संपलं. मला वाटलं, नकार आला. दुसऱ्या दिवशी सकाळी हे शिडी घेऊन आमच्या दारात. दिवसभर छपरावर. माझे वडील खालून म्हणाले, "जावईबापू, उतरा आता, जेवा."

म्हणून म्हणते, न बोलणाऱ्या माणसाची वाट बघायला मी शिकलेय. माझं नुकसान झालं नाही. तुझंही होणार नाही.

महिनाअखेरीला किमजांग आहे. हिवाळ्याचं किमची घालायचं, एवढी कोबी, आणि तू नाहीस. लोक विचारतात, सून कुठाय. मी सांगते, भावाच्या मदतीला गेलीय, हंगाम संपला की येईल. खोटं नाही ते, निम्मं तरी खरं आहे.

तुझी सासू


इचन, २५ नोव्हेंबर

सूनबाई,

काल ग्यूसक येऊ शकला नाही. त्याचं पोट दुखत होतं. सकाळपासून दुखत होतं. आदल्या दिवशी त्यानं मित्रांबरोबर कालवं खाल्ली, या दिवसांत कालवं बाधतात. मी त्याला पातळ पेज करून दिली. ती त्यानं खाल्ली, पण उठायची ताकद नव्हती. तुला फोन करावा असं त्याच्या मनात होतं, पण तू उचलत नाहीस ना.

तू वान्दोहून आलीस. भल्या पहाटेची बस धरली असशील. न्यायालयाच्या बाहेरच्या बाकावर दुपारपर्यंत बसली होतीस असं मला कळलं. कुणी सांगितलं ते विचारू नकोस. येओजूत माझी चुलतबहीण राहते, तिला मी बघायला पाठवलं होतं. आता तूच विचारशील, पोट दुखणार हे मला आधीपासून माहीत होतं का? सहज पाठवलं होतं. तिच्या हाती तुझ्यासाठी डबा दिला होता, पण तिला तुझ्यासमोर यायचा धीर झाला नाही. डबा तिनं परत आणला. म्हणाली, मुलगी एकटीच बसली होती, दार उघडलं की मान वर करायची.

आठ डिसेंबर ही दुसरी तारीख आहे. मी काय म्हणते, त्या दिवशी तू एवढ्या लांब यायची दगदग कशाला करतेस? नाहीच आलं कुणी तर अर्ज आपोआप रद्द होतो म्हणे. मग कुणी कुणाला नाही म्हणायचा प्रश्नच नाही. पुन्हा निवांत बसून बोलता येईल. वेगळं घर हवंय ना, घेऊ. मी काही तुम्हाला धरून ठेवणार नाही. वसंतात बघू.

तुला राग आला असेल. येऊ दे.

सासू


इचन, ३० नोव्हेंबर

हेरान,

काल किमजांग झालं आणि माझी शोभा झाली. ती दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगते.

नेहमीच्या सगळ्या जमल्या होत्या. दान्यांगकरीण, तिची जाऊ, गिरणीवाल्याची बायको, चर्चमधल्या दोघी. अंगणात खारवलेल्या कोबीचे ढीग, लाल मसाल्याची परात, सगळ्यांच्या हातात रबरी हातमोजे. दुपारी गरम भात आणि उकडलेलं मांस द्यायचं असतं, ते तुला माहीत आहे. दोन्ही हंडे लावले. पहिला हंडा पहिल्या पंगतीतच संपला. बायका दुसऱ्याकडे बघायला लागल्या. मी ऐटीत सांगितलं, "तो तूमला लागलाय. कुणी हात लावायचा नाही."

आणि कुणी लावला नाही. माझ्या हंड्याचं झाकण दुसऱ्या कुणी उचलत नाही, हे सगळ्या गल्लीला पाठ आहे. सगळ्या बसून राहिल्या. मांस गार व्हायला लागलं. गिरणीवालीनं आपल्या गुडघ्याच्या दुखण्याची पूर्ण हकिगत सांगितली. चर्चमधल्या एकीनं देवाचे आभार दोनदा मानले. मी अधूनमधून हंड्याकडे बघून मान डोलवत होते, जणू मला आतलं ऐकू येतंय.

दान्यांगकरीण म्हणाली, "अगं बाई, हा भात या किमजांगला मिळणार की पुढच्या?"

"गप्प बस. मुरतोय."

"आमचे दात पडायच्या आत वाढ म्हणजे झालं. उरलेत किती!"

शेवटी मी उठले. एप्रनला हात पुसून झाकण उचललं. वाफ नाही, काही नाही. गार पाणी, आणि तळाशी तांदूळ, धुऊन घातले होते तसेच. खाली वाकून बघितलं तर चुलीत लाकडं नीट रचलेली. पेटवलीच नव्हती.

काय हसल्या गं सगळ्या! दान्यांगकरीण कोबीच्या ढिगावर आडवी झाली. "थंड तूम! आपल्या इचनची नवी पाककृती!" मलाही हसू आलं. पण गिरणीवालीनं सहज विचारलं, "अगं, पण दुसरी चूल पेटवायचं काम कुणाचं असतं?"

"सुनेचं," मी म्हटलं.

सहा वर्षं दुसऱ्या हंड्यात तांदूळ मी घातले आणि खाली विस्तव तू घातलास. मी कधी बघितलंच नाही. मला वाटायचं, मी हंडा मांडला की भात होतो.

"मग सून येणार कधी?" तिनं विचारलं. नेहमीचं उत्तर माझ्या जिभेवर होतं, भाऊ, हंगाम, शेवाळ. ते बाहेर येईना. मी परातीशेजारी बसले आणि म्हटलं, "ती गेली. ती परत येणार नाही." हे मी पहिल्यांदाच मोठ्यानं बोलले. मग रडूच फुटलं. दान्यांगकरीण धावत आली आणि तिनं मायेनं माझे डोळे पुसले, मिरचीच्या हातमोज्यांनी. त्यानंतर मी का रडतेय ते कुणालाच कळेना. सगळ्या मिळून मला नळाखाली धरून उभ्या होत्या. आज सकाळीही डावा डोळा लाल आहे.

रात्रभर मी त्या हंड्याचा विचार केला. मी तुला हंड्यातला तूम शिकवला, आणि त्यातलं पहिलंच सांगायचं विसरले. तूम शेवटी येतो. आधी विस्तव असावा लागतो. पाणी खदखदून गेलेलं असावं लागतं, झाकण रडलेलं असावं लागतं. त्याच्यानंतर वाट बघण्याला काही अर्थ आहे. विस्तवच नसेल तर झाकण लावून कितीही बसा, तांदूळ तांदूळच राहतात. वर पाण्यात पडून आंबतात.

तुझे सासरे चहाच्या दुकानात गप्प बसले, पण दुसऱ्या दिवशी शिडी घेऊन आले. ते मी तुला केवढ्या कौतुकानं लिहिलं. लिहिताना मला दिसलं नाही की ग्यूसक सहा वर्षांत एकदाही कुठली शिडी घेऊन कुठे गेला नाही. एक घर बघायला गेला नाही. तू गेल्यावर बसस्टॉपपर्यंतसुद्धा नाही.

त्याचं पोट दुखत नव्हतं. मीच त्याला म्हटलं होतं, जाऊ नकोस, दोन्ही तारखा चुकल्या की अर्ज पडतो. तो म्हणाला, बरं. ते तुला बाकावर बसवणं माझं होतं, हेरान. त्याच्यापेक्षा माझं जास्त.

आठ तारखेबद्दल मी मागच्या पत्रात जे लिहिलं ते सोड. मला दोन दिवस दे. त्याला एकदा नीट विचारते आणि कळवते.

सून-इम


इचन, ३ डिसेंबर

हेरान,

विचारलं.

खानावळ आज बंद ठेवली. वर्षात दोनदा बंद असते, नव्या वर्षाला आणि पूर्वजांच्या पूजेला, त्यामुळे ग्यूसक घाबरलाच. "आई, बरं नाही का?" मी त्याला समोर बसवलं. जेवण वाढलं, खाऊ दिलं. मग म्हटलं, "तुला ती हवीय का?"

"हवीय की."

"मग आत्ता ऊठ. वान्दोची बस दुपारची आहे. जाऊन तिला सांग की घर बघायला सुरुवात केलीय. उद्यापासून खरंच बघ. मला इथे एकटीला सोडून जायचं असेल तर जा, मी काही मरत नाही. दान्यांगकरीण आहे. पण आज जा."

तो माझ्याकडे बघत राहिला. मी त्याचे डोळे बघितले. लहानपणी ताप आला की तो असाच बघायचा. मला वाटलं, आता उठेल. मी त्याचं जाकीट आधीच खुंटीवरून काढून ठेवलं होतं, खिशात वाटेसाठी उकडलेली अंडी घातली होती.

"आज?" तो म्हणाला. "आज लगेच कसं? शनिवार आहे, गर्दी असेल. हंगाम संपू दे तिचा. बघू ना."

मी वाट बघितली. त्यानं ताटातली मुळ्याची फोड घेतली, खाल्ली, पाणी प्यायला. मग विचारलं, "अंडी कुणासाठी आहेत?"

मी म्हटलं, "खा तूच."

मला त्याचा राग आला नाही. तो वाईट मुलगा नाही, हे तुलाही माहीत आहे. त्यानं तुझ्यावर कधी हात उगारला नाही, आवाज चढवला नाही. म्हणूनच तर तुला सहा वर्षं लागली. मीच त्याला असं वाढवलं की पुढ्यात सगळं आपोआप शिजून येतं. आता त्याचं तो आणि मी बघू. ते तुझं काम नाही.

तुला ठेवून घ्यायची मला फार इच्छा आहे. ती आजही आहे, लपवत नाही. मुलगी नव्हती मला. तू माझ्या टेबलावर बसून मला 'सून-इम' हे माझं नाव लिहायला शिकवलंस, त्या दिवशी मी मनात म्हटलं, हिला कुठे जाऊ देणार नाही. ते चांगलं नव्हतं म्हणणं. तू माणूस आहेस, तुझं अजून वय आहे, तुला पुढे जायचं आहे. माझ्यापायी तुझं एक वर्षही आणखी अडायला नको.

गुरुवारी, आठ तारखेला, मी त्याला न्यायालयात घेऊन येते. पहिल्या बसनं. तो "बघू" म्हणेल, म्हणू दे, मी त्याला त्याच्या बुटांसकट उचलून बसमध्ये घालीन. आत न्यायाधीशसाहेबांसमोर तो नीट उत्तर देतो की नाही ते दाराबाहेरून ऐकीन. तुला माझ्याशी बोलायचं नसेल तर बोलू नकोस, मला चालेल. मी रडले तर तिकडे बघू नकोस, आतलं काम उरकून घे.

तू घाई करून पहाटेची बस धरू नकोस. नीट जेवून, उजाडल्यावर नीघ. आम्ही सकाळीच येऊन त्या बाकावर बसलेले असू. या खेपेला वाट आम्ही बघू.

सून-इम